अर्धा तास कुणाच्या खात्यात?

सकाळी ७.१५

बँकेने भरून पाठवलेली प्रश्नावली लॉजच्या खोलीत चहा पिता पिता पुन्हा एकदा वाचतो. एकूण एक उत्तर 'होय'. संगणक पुरेसे आहेत? होय. इंटरनेट आहे? होय. कर्मचाऱ्यांना संगणक हाताळता येतो? होय, सर्वांचे एमएस-सीआयटी झालेले आहे. व्यवस्थापनाचा पाठिंबा? 'संपूर्ण', आणि खाली दुहेरी रेघ. इतकी गुणी प्रश्नावली हातात पडली की दिवस मोठा जाणार हे मी समजून चालतो. एकेका 'होय'च्या मागे काय आहे ते जाऊन बघावं लागतं.

काम सांगायला सोपं आहे. एखाद्या संस्थेला आपल्या माणसांचं प्रशिक्षण ऑनलाइन करायचं असतं. ते तिला झेपेल का, हे आधी बघून द्यायचं. सॉफ्टवेअर विकणारे हीच पाहणी फुकट करून देतात आणि त्यांच्या पाहणीत एखादी संस्था नापास झाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. मी पैसे घेतो, म्हणून मला 'नाही' म्हणता येतं.

आजचं गिऱ्हाईक सोलापूर जिल्ह्यातली एक नागरी सहकारी बँक. नाव सांगत नाही. बारा शाखा, सव्वाशेच्या आसपास माणसं. विषय सायबर सुरक्षा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या सहकारी बँकांच्या पोटात गोळा आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. पुढच्या वर्षी डिसेंबरात बँकांच्या चार पातळ्या पाडून ती आणखी आवळली. त्या चौकटीत यंत्रांबरोबर माणसंही आली: कर्मचाऱ्यांना जागरूक करा, त्यांना प्रशिक्षण देत राहा. या बँकेला तपासणीत नेमकं त्याबद्दल विचारलं गेलं, आणि आठवड्याच्या आत मला फोन आला.

तयारी मोजायच्या याद्या पुष्कळ आहेत. सामंथा चॅपनिक यांनी २००० साली आठ कप्पे केले होते. त्यात माणसांची मानसिकता आहे, पैसा आहे, यंत्रसामग्री आहे, मजकूर आहे. यादी चांगली आहे, मीही तिचीच मोडतोड करून वापरतो. फक्त आठही कप्प्यांचं वजन सारखं धरलं की घोटाळा होतो. यंत्रं विकत आणता येतात, मजकूर लिहून घेता येतो. कामाच्या दिवसातला वेळ मात्र दुसऱ्या कुठल्या तरी कामातून काढावा लागतो, आणि तो कोण काढून देणार हे प्रश्नावलीत कुणीच लिहीत नाही.

सकाळी ८.५०

मुख्य कार्यालय. शिपाईमामा शटर वर करतायत. आयटी विभाग म्हणजे जिन्याखालची एसीची खोली आणि तिशीच्या आतला एक मुलगा. सर्व्हर, राउटर, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि कोपऱ्यात देवीचा फोटो. मुलगा हुशार आहे, आणि एकटा आहे. बारा शाखांचे प्रिंटर बिघडले तरी त्यालाच फोन येतो.

त्याला विचारलं, "शाखेतल्या पीसीवर यूट्यूब लागतं का?"

"सर, गूगलसुद्धा लागत नाही."

शाखांमधल्या यंत्रांवर फक्त कोअर बँकिंग चालतं. बाहेरचं इंटरनेट बंद, पेन ड्राइव्हची खाचही बंद. पीसीला स्पीकर नाहीत. हे सगळं बरोबरच आहे. चौकटीप्रमाणे बाहेरची ड्राइव्ह मुळातच लावू द्यायची नसते, खास परवानगी असली तरच. म्हणजे गंमत अशी की सायबर सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण ज्या पीसीवर घ्यायचं, त्या पीसीवर ते सायबर सुरक्षेच्याच नियमांमुळे चालणार नाही. प्रश्नावलीतलं 'इंटरनेट आहे? होय' हे उत्तर खोटं नव्हतं. इंटरनेट आहे, मुख्य कार्यालयात, तीन टेबलांवर.

मग पर्याय काढत बसलो. बाहेरच्या कंपनीच्या वेबसाइटला वाट मोकळी करायची म्हटलं तर सुरक्षेच्या भिंतीला एक भोक पाडावं लागतं, आणि मुलाची त्याला तयारी नाही. माझीही नाही. दुसरा पर्याय, बँकेच्या आतल्या जाळ्यातच मूडल बसवायचं. मूडल हे ऑनलाइन धडे चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर, २००२ पासून आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत; पण ते सांभाळायला माणूस लागतो, आणि माणूस हा एकच. तिसरा पर्याय, कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन.

आतल्या जाळ्याचा हिशेब मुलाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडला. शाखेची लाइन दोन एमबीपीएसची. साध्या दर्जाचा व्हिडिओ एक एमबीपीएस खातो. दोन माणसांनी एकदम धडा लावला की लाइन भरली, आणि काउंटरवरचं पासबुक अडलं. दहा मिनिटांच्या अशा व्हिडिओला ७५ एमबी जातात. तेच दहा मिनिटं नुसता आवाज ६४ केबीपीएसने पाठवला आणि जोडीला पाच-सहा स्थिर चित्रं दिली, तर सगळं मिळून दहा एमबीच्या आत बसतं. सायबर सुरक्षा शिकायला हलणारं चित्र लागतं कशाला? खोटा मेसेज कसा दिसतो हे एका स्थिर चित्रात जास्त चांगलं कळतं. त्याच्याकडे हवा तेवढा वेळ बघत बसता येतं. व्हिडिओचा आग्रह बहुतेक वेळा विकणाऱ्याचा असतो, कारण बैठकीत दाखवायला तो छान दिसतो.

मुलाला हे पटलं. त्याने हळूच विचारलं, "पण सर, पासवर्ड विसरले म्हणून सव्वाशे माणसांनी मला फोन केला तर?" हा प्रश्न मी अहवालात जसाच्या तसा उतरवला. तयारीच्या कुठल्याच यादीत तो इतक्या नेमकेपणाने आलेला मी वाचलेला नाही.

सकाळी १०.२०

गाडीने पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या शाखेत. मुद्दाम आठवडी बाजाराचा दिवस मागून घेतला होता. मुख्य कार्यालय म्हणत होतं, "सर, बाजाराच्या दिवशी नका जाऊ, कुणाला बोलायलाही सवड नसते." म्हणूनच जायचं होतं.

शाखेत सहा माणसं: शाखाधिकारी, एक अधिकारी, कॅशियर, दोन लिपिक आणि शिपाईमामा. साडेदहाला दार उघडलं तेव्हा बाहेर पंधरा-वीस जण उभे. मी आतल्या बाजूला, लिपिक मॅडमच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि घड्याळ समोर ठेवलं. मला एकच गोष्ट मोजायची होती: या टेबलावर न तुटलेला वेळ किती मिळतो.

पहिलं आलं पासबुक. मग दुसरं पासबुक. त्याची मागची पानं भरलेली, म्हणून नवीन पासबुक काढणं, जुन्यावर शिक्का. एक आजोबा: "बाई, ऊसबिल जमा झालं का बघा की." झालं नव्हतं. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ते मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, जरा तुम्ही बघा." मग सोनेतारणाचं एक प्रकरण, सराफ वेळेवर आलेला, पण खातेदाराचा फोटो नाही. मधेच फोन, मुख्य कार्यालयाचा, कालच्या एका व्हाउचरवर सही राहिली म्हणून. मग आरटीजीएसचा फॉर्म भरता न येणारा एक दुकानदार, ज्याचा फॉर्म मॅडमनीच भरून दिला. हे करता करता स्क्रीनवर दुसऱ्या लिपिकाच्या नोंदी मंजुरीसाठी येऊन पडलेल्या.

दोन तासांत सर्वांत लांब शांतता नऊ मिनिटांची. त्या नऊ मिनिटांत मॅडमनी सकाळपासूनची व्हाउचरं क्रमाने लावली, सुईदोऱ्याने ओवली आणि पाण्याची बाटली उघडली. प्यायल्या मात्र नाहीत, कारण तेवढ्यात काचेवर कुणीतरी नाणं वाजवलं.

बँकेच्या हाती असलेला तयार अभ्यासक्रम चाळीस-चाळीस मिनिटांच्या सहा भागांचा आहे. मधे थांबलं तर भाग पहिल्यापासून.

बाजाराचा दिवस म्हणजे टोकाचा दिवस, हे मला मान्य आहे. शाखाधिकाऱ्यांनीही तेच सांगितलं आणि बुधवारी-गुरुवारी या म्हणाले. विचारलं, बुधवारी दुपारी काय असतं? "बुधवारी वसुलीला जातो." आणि गुरुवारी? ते हसले.

दुपारी १२.४०

शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये मजकुराची तपासणी. बँकेने गेल्या काही वर्षांत काढलेली परिपत्रकं हाच प्रशिक्षणाचा मजकूर करावा, अशी मुख्य कार्यालयाची कल्पना. कल्पना वाईट नाही: भाषा बँकेची, नियम बँकेचे, कुणाकडून विकत घ्यायला नको.

एक परिपत्रक उघडून त्यातला उतारा कॉपी केला आणि माझ्या फोनवरच्या धड्यात चिकटवला. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं यांची भेळ उमटली. परिपत्रकं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेली. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर दिसतं खरं, पण संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षराचाच आकडा असतो. तो फाँट ज्या यंत्रावर नाही तिथे खरा चेहरा बाहेर येतो. रूपांतर करून देणारी साधनं आहेत. त्यांतून काढलं तर नव्वद टक्के काम होतं आणि उरलेल्या दहा टक्क्यांत रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. 'कर्ज' आणि 'अर्ज' हेच शब्द मोडलेले दिसायला लागले तर सहकारी बँकेत शिकणाऱ्याने काय वाचायचं? म्हणजे डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करणारं माणूस हवं. अंदाजपत्रकात ही ओळ नव्हती, ती घातली.

मग माझी नेहमीची छोटी परीक्षा. अधिकाऱ्यापासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांना एक पीडीएफ फोनवर पाठवतो. ती उघडा, तिसऱ्या पानावरचं एक वाक्य शोधा, आणि स्वतःचं नाव मराठीत टंकून मला परत पाठवा. एमएस-सीआयटी इथे सगळ्यांचं झालंय. २००१ पासून चालू असलेला तो अभ्यासक्रम राज्यात नोकरी शोधणाऱ्या पुष्कळांनी केलेला असतो. पण प्रमाणपत्र त्या वर्षीच्या हाताचं असतं. कॅशियरना पीडीएफ सापडेना, कारण फोनची जागा भरली होती. अधिकाऱ्यांनी नाव इंग्रजीत पाठवलं. शिपाईमामांनी माइकचं बटण दाबलं, नाव बोलले, मराठीत उमटलं, पाठवलं, आणि सगळ्यांच्या आधी मोकळे झाले. नातवाने शिकवलंय, म्हणाले. प्रश्नावलीत शिपाई वर्गाच्या रकान्यात मुख्य कार्यालयाने 'लागू नाही' असं लिहिलेलं होतं. खोटा फोन उचलणारा, दारातून अनोळखी माणूस आत सोडणारा, साहेबांच्या टेबलावरचा कागद बघू शकणारा माणूस आणि त्याला सायबर सुरक्षा लागू नाही!

दुपारी १.५०

डबे. दोन-दोन जण आळीपाळीने जेवतात, म्हणून जेवणंही तीन पंगतींत. शाखाधिकाऱ्यांच्या घरून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यासाठीही आली होती. जेवताना माणसं जे बोलतात ते मुलाखतीत बोलत नाहीत, म्हणून जेवताना मी वही उघडत नाही.

युनियनचे प्रतिनिधी मोटारसायकलवरून शेजारच्या शाखेतून मुद्दाम आले होते. त्यांचा पहिला प्रश्न: "सर, मार्क कुणाला दिसणार?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा कुणाला दिसावेत.

"ज्याचे त्याला. फार तर शिकवणाऱ्याला. साहेबांना नकोत. आज सायबरमध्ये कमी पडले, उद्या बढतीच्या वेळी तोच कागद निघतो."

त्यांची भीती मला अवाजवी वाटत नाही. वर्गात बसून झालेल्या प्रशिक्षणात कोण डुलक्या घेत होतं हे संध्याकाळपर्यंत विसरलं जातं. ऑनलाइनमध्ये प्रत्येक चुकलेलं उत्तर तारीख-वेळेसकट कायम राहतं. हे कशासाठी वापरलं जाईल आणि कशासाठी नाही, हे लेखी परिपत्रकाने आधी जाहीर केलं नाही, तर माणसं शिकण्याऐवजी न चुकण्याच्या मागे लागतात. आणि न चुकण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उत्तरं दुसऱ्याकडून घेणं.

लिपिक मॅडम शेवटी जेवायला बसल्या. त्यांना सांगितलं, वरून सूचना अशी आहे की धडे फोनवर असतील, सोयीने रोज अर्धा तास घरी करता येतील.

"सोयीने म्हणजे किती वाजता?"

मी गप्प.

"सर, साडेसहाला मी घरी पोचते. नऊपर्यंत स्वयंपाक आणि सासूबाईंची औषधं. नऊनंतर फोन पोराकडं, त्याचा क्लास असतो. तो अर्धा तास मला तुम्ही दाखवा, मी करते."

शाखाधिकाऱ्यांच्या मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. ते म्हणाले, "शिक्षकांची ऑनलाइन प्रशिक्षणं आली तेव्हा ती रात्री कुकर लावून फोन ओट्यावर ठेवायची, आणि 'पुढे' आलं की मी दाबायचो." हे सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि ऐकताना मलाही वाटलं नाही.

दुपारी ३.१०

परत मुख्य कार्यालय. इथे एक गोष्ट समजली जी प्रश्नावलीत नव्हती: बँकेने गेल्या वर्षी एकदा ऑनलाइन प्रशिक्षण करून बघितलंय. पुरवठादार बाहेरचा, विषय ग्राहकांच्या केवायसीचा. निकाल: शंभर टक्के पूर्ण. मग तेच पुढे चालवायचं सोडून मला का बोलावलं? आयटीतला मुलगा काही बोलला नाही, त्याने नोंदींची फाइल उघडून दिली आणि खुर्ची मागे घेतली.

आयुष्यात रहस्यकथा वाचायला वेळ मिळत नाही, पण अशा नोंदी मी चवीने वाचतो. एका शाखेतली आठ माणसं. सगळ्यांचं प्रशिक्षण एकाच दिवशी, संध्याकाळी पाच ते सहा या वेळात, एकापाठोपाठ एक संपलेलं. कुणाचाही वेळ दुसऱ्याच्या वेळावर चढलेला नाही. पहिला बाहेर पडला की मिनिटाभरात दुसरा आत. यंत्राचा पत्ता आठही जणांचा एकच. चाळीस स्लाइडचा धडा प्रत्येकी चार-साडेचार मिनिटांत. आणि शेवटच्या चाचणीत आठच्या आठही जणांचा सातवा प्रश्न चुकलेला, चुकीचं उत्तरही तेच. नवव्या ओळीवर शाखाधिकारी. त्यांचा सातवा बरोबर. तोवर करणाऱ्याला बहुधा आपली चूक कळली होती, आणि साहेबांसाठी त्याने दुरुस्त केली.

हे कुणा एका लबाड लिपिकाचं काम म्हणून सोडून देता येत नाही, कारण बाराही शाखांत थोड्याफार फरकाने हेच. त्यांना वरून फोन आला असणार: आज संध्याकाळपर्यंत शंभर टक्के झालं पाहिजे. सगळ्यांचे पासवर्ड एकच ठेवलेले होते, सोयीसाठी. मग शाखेतला जो सर्वांत चटपटीत पोरगा, त्याने सगळ्यांचं करून टाकलं आणि बाकीच्यांनी त्या वेळात दिवसाची कॅश जुळवली. तासाभराच्या कामाची इतकी शहाणी वाटणी क्वचितच बघायला मिळते. ते सायबर सुरक्षेच्या नेमकं उलट होतं, एवढाच काय तो दोष. दुसऱ्याच्या नावाने लॉग-इन करायची रीतसर तालीमच ती.

पुरवठादाराचा धडा स्कॉर्म या ऑनलाइन धड्यांच्या जुन्या मानकाने बांधलेला. त्यात 'पूर्ण' केव्हा म्हणायचं हे धडा बनवणारा ठरवतो. इथे शेवटची स्लाइड उघडली की पूर्ण, अशी अट. त्यामुळे अहवाल शंभर टक्के, आणि तो खराही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: माणसांना आवडलं का, कळलं का, कामावर वागणं बदललं का, संस्थेला फळ मिळालं का. 'पूर्ण झालं का' ही त्यांतली एकही नाही.

सायंकाळी ४.३०

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची केबिन. अध्यक्षही आलेत, त्यांचं आडत दुकान आहे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. चहाबरोबर काजू.

सीईओ साहेबांना महिन्याअखेरीस सुरुवात हवी आहे. तपासणी कधीही लागेल. दिवसभर बघितलेलं मी थोडक्यात सांगितलं. त्यांना नोंदींचा भाग माहीत होता असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, अध्यक्षांना नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपण पैसे दिले ते एका पोराला आठ वेळा शिकवायला?"

"त्यालाही शिकवायला नाही," सीईओ म्हणाले. हे उत्तर मला आवडलं.

मग मी वेळेचा हिशेब काढला. व्यापारी माणसाशी बोलताना कागद पुढे सरकवावा. सव्वाशे माणसं, आठवड्याला अर्धा तास, सहा आठवडे: पावणेचारशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर सत्तेचाळीस माणूस-दिवस. हेच प्रशिक्षण एक दिवस सोलापूरला बोलावून घेतलं असतं तर सव्वाशे माणूस-दिवस, वर एसटीचं भाडं, जेवण आणि हॉल. म्हणजे ऑनलाइनमध्ये बँकेचा फायदाच आहे, वेळ निम्म्याहून कमी. पण ते सत्तेचाळीस दिवस कुणाच्या तरी नावे टाकायला हवेत. संचालक मंडळाने ठरावात हा आकडा लिहावा, की एवढा वेळ बँक आपल्या खर्चाने देते.

अध्यक्षांनी कागदाकडे बघितलं. "घरी रात्री केलं तर शून्य दिवस."

"शून्य दिवस बँकेचे," मी म्हटलं. "त्यांचे नाहीत. आणि गेल्या वर्षी काय झालं ते बघितलंच."

ते हसले, पण आकडा खोडला नाही. सीईओंनी शनिवारचा मुद्दा काढला. २०१५ च्या सप्टेंबरपर्यंत शनिवारी अर्धा दिवस असायचा. ग्राहक दुपारी जायचे आणि मागे राहिलेली कामं, एखादी बैठक, थोडंफार शिकणं-शिकवणं त्या दुपारी व्हायचं. मग दुसरा-चौथा शनिवार सुटीचा झाला आणि उरलेले पूर्ण दिवस. सुटी मिळाली ते चांगलंच, पण ती रिकामी दुपार गेली ती गेलीच. तिच्या जागी काही आणायचं तर ठरवून आणावं लागेल.

अर्धा तास त्यावर खल झाला. शेवटी जमलं ते असं: रोखीचे व्यवहार साडेतीनला थांबतात; त्यानंतर कॅश जुळल्यावर, बाजाराचा दिवस, महिन्याचे पहिले पाच दिवस आणि मार्च वगळून, शाखेतल्या निम्म्या माणसांनी शाखेतल्याच एका वेगळ्या लॅपटॉपवर पंधरा मिनिटांचा धडा करायचा, निम्म्यांनी काउंटर आणि फोन सांभाळायचा. पुढच्या वेळी अदलाबदल. त्या पंधरा मिनिटांत मुख्य कार्यालयातून शाखेला फोन करायचा नाही. ही शेवटची अट सीईओंना सर्वांत जड गेली. सकाळी व्हाउचरवरच्या सहीसाठी आलेला फोन मी वेळेसकट टिपून ठेवला होता, तो वाचून दाखवला.

गुणांबद्दलचं परिपत्रक काढायला ते लगेच तयार झाले. शाखाधिकाऱ्यांनी आपला धडा आधी आणि सगळ्यांसमोर करायचा, याला मात्र 'बघू' म्हणाले. 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं, म्हणून ते अहवालात अट म्हणून घातलं.

सायंकाळी ५.४५

निघताना दारात पिग्मी एजंट भेटले. बाजारपेठेत फिरून दिवसाची वसुली भरायला आलेले. खांद्याला बॅग, हातात पावती काढायचं छोटं यंत्र. त्यांना विचारलं, प्रशिक्षणाचं काही कळलंय का? नाही. त्यांचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत नाही, कारण ते कमिशनवर. गावात मात्र लोक बँकेच्या नावाने यांनाच ओळखतात. "सकाळपासून तीन दुकानदारांनी विचारलं," एक जण म्हणाले, "बँकेतून फोन आला, कार्ड बंद पडणार म्हणून नंबर मागतायत, देऊ का?" त्यांनी काय सांगितलं? "सांगितलं, बँक असं कधी विचारत नाही. पण मला नक्की माहीत नव्हतं."

दाराशी उभ्या उभ्याच यादीत एक ओळ वाढवली. यांच्यासाठी लॅपटॉप नको, शाखा नको. फोनवर ऐकायचे तीन-चार मिनिटांचे मराठी तुकडे, तेही दुकानदारांच्याच प्रश्नांवर. सायबर सुरक्षेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग बहुधा हाच ठरेल.

रात्री ८.३०

अहवाल त्याच रात्री लिहिलेला बरा असतो. दुसऱ्या दिवशी माणसांची तोंडं पुसट होतात आणि फक्त तक्ते उरतात. बँकेने पाठवलेल्या नमुन्यात शेवटी एकच चौकट आहे: 'संस्था तयार आहे / नाही'. ती मी बदलली. मुख्य कार्यालय तयार. आठ शाखा अटींवर तयार. चार शाखा आज नाहीत: तिथे तीन-तीनच माणसं, निम्मी उठवली तर काउंटरला एकच उरतो. त्यांच्याकडे महिन्यातून एकदा बदली माणूस पाठवला तरच जमेल. आयटीला आणखी एक हात, निदान पहिले तीन महिने, पासवर्डांसाठी. परिपत्रकांचं युनिकोड आणि मुद्रितशोधन. जुन्या पुरवठादाराचे सगळे पासवर्ड रद्द. शिपाई आणि पिग्मी एजंट यादीत.

पैशांच्या ओळी सोप्या होत्या. लॅपटॉप बारा, इअरफोन, सर्व्हरची मेमरी वाढवणं. त्यांना मंजुरी मिळेल. अडेल ती वेळेची ओळ, म्हणून ती सर्वांत वर घेतली आणि तिच्यासाठी ठरावाचा मसुदाच जोडून दिला.

पावणेदहाला सीईओ साहेबांचा मेसेज. "सर, मंडळापुढे ठेवायचं आहे. वर 'तयार' एवढंच लिहा, अटी परिशिष्टात टाकल्या तर बरं पडेल."

परिशिष्ट कुणी वाचत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. अटी पहिल्याच पानावर ठेवल्या, त्यांना तसं कळवलं, आणि अहवाल बिलासकट पाठवून दिला.